जनीला घेऊन घाट चढताना

माझा सगळा जन्म नाशिक रोडला गेला. आमच्या कॉलनीतून चालत निघालं तर बाळंतपणाचे तीन-चार दवाखाने रस्त्यातच लागतात, आणि त्यातला कुठला बरा यावर आम्ही बायका संध्याकाळी कट्ट्यावर बसून वाद घालायचो. आपलाच जिल्हा पश्चिमेला डोंगरात कुठपर्यंत जातो आणि तिथल्या बायका कशावर वाद घालतात, हे मला कधी सुचलंही नव्हतं. धाकट्या भावाची, दिलीपची, प्राथमिक शिक्षक म्हणून पेठ-सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर बदली झाली नसती, तर मी तिकडे गेलेही नसते. मी कशासाठी गेले आणि काय होऊन बसलं, ते इथे सांगते. पाड्याचं आणि तालुक्याच्या गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच राहतात.

जाताना

मार्गशीर्षातले दिवस होते. दिलीपच्या बायकोला, वंदनाला, सातवा महिना लागला होता. नाशिकच्या डॉक्टरांनी तिला आता इकडे घेऊन या असं सांगितलं होतं. ठरलं असं, की मी पाड्यावर जायचं, तिथे घरातल्या घरात तिची ओटी भरायची आणि दोन दिवसांनी जीप ठरवून तिला घेऊन यायचं. आईने हिरवी साडी, बांगड्या, पेढे आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या वेण्या असं सगळं माझ्या पिशवीत कोंबलं.

एसटीने फाट्यावर सोडलं तेव्हा ऊन कलत आलं होतं. दिलीप घ्यायला आला होता. फाट्यापासून एक कच्ची वाट उतरते आणि नदीपाशी संपते. पूल नाही. मी चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि दगडावरून दगडावर पाय ठेवत निघाले. मधोमध पाय घसरला आणि एक चप्पल पाण्याबरोबर गेली. दिलीप हसायला लागला. मलाही हसू आलं, पण पाणी गुडघ्याला गार झोंबत होतं आणि मनात वंदनाचंच पोट दिसत होतं.

"पावसाळ्यात काय करता रे तुम्ही?" मी विचारलं.

"पावसाळ्यात कोणी कुठे जात नाही, ताई," तो म्हणाला.

पाड्यावर

कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली घरं, दारात भाताच्या पेंढ्याच्या उडव्या, खळ्यांवर नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची, मळणी चाललेली. रात्री वंदनाने नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी केली. भाकरी काळपट बघून मी आधी बिचकले आणि मग दोन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीचा कार्यक्रम झाला. आमच्याकडे अशा वेळी सजवलेला झोपाळा, फोटो आणि बर्फी की पेढा ओळखायचा खेळ असतो. इथे पाड्यावरच्या बायका आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि कुणी न सांगता गाणं सुरू केलं. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. मला शब्द कळत नव्हते, पण वंदना लाजत होती.

त्यातच जनी होती. दिलीपच्या अगदी शेजारच्या घरची सून. वीस-बावीसची असेल, अंगाने काटकुळी, आणि पोट वंदनापेक्षा कितीतरी मोठं. आत येताना डोक्यावरचा हंडा तिने दाराशी उतरवला आणि मगच बसली. पहिला एक मुलगा होता तिला. नवरा सोमा दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला जायचा. बाळंतपण झालं की सगळे मिळून तिकडेच जाणार होते.

"तुझं नाव कुठे घातलंय?" मी विचारलं.

"कसलं नाव?"

"दवाखान्यात. बाळंतपणासाठी."

सगळ्या हसल्या. तिची सासू मंजुळाबाई मात्र हसली नाही. "आमच्याकडं घरातच होतं, बाय," ती म्हणाली. "पयला पोरगा घरातच झाला. कायसुदिक झालं नाय."

जनीने वंदनाच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवरून बोट फिरवलं आणि मला हळूच विचारलं, "तुमच्याकडं बाळतीणीला सव्वा महिना झोपवून ठेवत्यात म्हणं, खरं हाय का?"

"हो."

"मग पाणी कोण आणतं?"

मी नळाचं सांगितलं. ती विचारात पडली.

सकाळी

जीप सकाळी नदीपलीकडे येऊन थांबणार होती. मी बॅग बांधत होते, तेवढ्यात शेजारून पोर रडल्याचा आवाज आला. वंदना म्हणाली, "झाली वाटतं जनी." पहाटेपासून तिच्या कळा चालू होत्या, आणि आम्हाला पत्ताही नव्हता. आईच्या पेढ्यांतले उरलेले घेऊन मी आनंदाने तिकडे गेले.

घरात चुलीचा धूर होता. मुलगी झाली होती, चांगली गुटगुटीत, फडक्यात गुंडाळून सुपाशेजारी ठेवलेली. पण तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. सुईण भागीबाई जनीच्या पायांशी बसली होती. जनीखालचं गोधडं भिजलेलं होतं. मला आधी वाटलं, पाणी असेल.

"वार पडत नाय," भागीबाई म्हणाली. बाळामागून बाहेर पडायची ती वार आतच अडकली होती. तिने पोट चोळलं होतं, जनीला केस तोंडात धरून ओकारी काढायला लावली होती, सगळं करून झालं होतं. "आता माझ्या हातात नाय. हिला दवाखान्यात न्या."

मी धावत घरी आले. दिलीपला सांगितलं. तो अंगणात जीपसाठी निघायच्या तयारीतच उभा होता.

"आपली जीप आहे ना? तिला घालू त्यात."

दिलीपने मला बाजूला घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, ही जीप मिळवायला मला आठवडा लागलाय. तिला आडवं घालायचं तर वंदना मावणार नाही. आज वंदना राहिली तर पुन्हा जीप कधी मिळेल, सांगता येत नाही. आणि हिला वाटेत काही झालं तर?"

तो वाईट माणूस नाही. या पाड्यावरच्या पोरांसाठी जीव टाकतो तो. पण त्या क्षणी त्याला फक्त स्वतःची बायको दिसत होती, आणि खरं सांगते, मलाही त्याचं म्हणणं कळत होतं.

वंदना दारात उभी होती, नवी हिरवी साडी नेसून. "मी आज नाही गेले तर काय होणार आहे?" ती म्हणाली. "मला अजून दोन महिने आहेत. तिला आजचा दिवस तरी आहे का?" आणि आत जाऊन तिने साडी सोडायला सुरुवात केली.

तिकडे जनीच्या घरात वेगळंच भांडण लागलं होतं. मंजुळाबाई दार अडवून बसली होती.

"नाय न्यायची. माझी लेक नेली व्हती नाशिकला, तीन पावसाळ्यांमागं. गाडीत घालूनच परत आणली. मेलेली. नेलं की माणूस परत येत नाय."

 तिची लेक खरंच गेली होती. सोमा इतका वेळ अंगणात उकिडवा बसला होता. तो उठला, आईपुढे येऊन उभा राहिला.

"आये, ती उशिरा नेली म्हणून गेली. ही पण तशीच जाईल. सरक."

मंजुळाबाईने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि सरकली. मग तीच सगळ्यांआधी घोंगडी घेऊन आली.

नदी आणि रस्ता

घोंगडी बांबूला बांधून झोळी केली. पुढे सोमा, मागे त्याचा चुलतभाऊ. मागून मी बाळ घेऊन, आणि मंजुळाबाई. पाण्यात उतरल्यावर झोळी डुलायला लागली. घोंगडीतून थेंब गळत होते आणि पाण्यात पडून लगेच नाहीसे होत होते. परवा इथे माझी चप्पल गेली म्हणून मी हसले होते. आज मी पायाखाली बघितलंच नाही.

जीपवाल्याने झोळी बघितली आणि हात वर केले. "मला एक गरवार बाई बसणार म्हणून सांगितलं होतं. हिचं बरंवाईट झालं तर पोलीस मला धरतील."

"मी बसतेय ना गाडीत," मी म्हणाले. "जे होईल त्याला मी आहे."

त्याने माझ्याकडे, माझ्या घड्याळाकडे, पर्सकडे बघितलं आणि मागची सीट मोकळी केली. जनीला आत ठेवल्यावर चुलतभाऊ तिथूनच मागे फिरला. सोमाने हेच म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं का, हा विचार मला पुढे दिवसभर सोडेना.

पहिलं आरोग्य केंद्र लागलं, त्याच्या दाराला कुलूप. डॉक्टर मीटिंगला गेले होते. मागच्या क्वार्टरमधून नर्सबाई ओल्या हातांनी धावत आल्या. त्यांनी जनीला इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "खिडकीच्या वर धरा. खाली आणू नका. इथे थांबू नका, इथे काहीच नाही."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर होते. तरुण, दाढी वाढलेली, बहुधा कित्येक रात्री नीट न झोपलेले. त्यांनी जनीला तपासलं आणि बाहेर येऊन मला बाजूला घेतलं.

"वार हाताने काढावी लागेल. मी काढू शकतो. पण हात घातला आणि रक्त सुटलं, तर द्यायला माझ्याकडे रक्ताची एक बाटली नाही. भूल द्यायला माणूस नाही. नाशिकला न्या."

"अ‍ॅम्ब्युलन्स?"

"सकाळीच एक पेशंट घेऊन गेली." त्यांनी दुसरी बाटली लावली, चिठ्ठी लिहिली, आणि स्वतः जीपपर्यंत आले. "तिला झोपू देऊ नका," एवढंच म्हणाले.

मग घाट सुरू झाला. एका हातात वर धरलेली बाटली, मांडीवर बाळ, आणि सीटवर जनीचं डोकं मंजुळाबाईच्या मांडीवर. माझा हात भरून आला की सोमा पुढच्या सीटवरून वळून बाटली धरायचा. वळणावर जीप हेलकावली की जनी कण्हायची, आणि ती कण्हली की बरं वाटायचं. जिवंत आहे, एवढं तरी कळायचं. मधेच ती कण्हेनाशी झाली. ओठ पांढरे पडले होते.

"जनी! ए जनी!"

डोळे अर्धवट उघडले. "पोर... रडत का नाय?" ती पुटपुटली.

बाळ गाढ झोपलं होतं. मंजुळाबाईने माझ्या मांडीवर हात घातला आणि त्याच्या तळपायाला चिमटा काढला. ते किंचाळलं. जनीने मान त्या दिशेला वळवली. ते गप्प झालं, की जनीचे डोळे मिटत. मग पुन्हा चिमटा. सगळा घाट आम्ही असाच चढलो. काही तासांच्या लेकराचं रडणं ऐकवून त्याच्या आईला जागं ठेवत. मंजुळाबाई प्रत्येक वेळी चिमटा काढायची आणि त्याच बोटांनी तो पाय चोळायची. 

नाशिक

दवाखाना मोठा होता. कुठला, ते लिहीत नाही. गर्दीत प्रत्येक जण घाईत होता. सोमाने चिठ्ठी पुढे केली. खिडकीमागच्या माणसाने ती हातात न घेताच विचारलं, "कुठून आणलं? सकाळपासून काय करत होता? मरायला टेकली की आठवण होते तुम्हाला."

 ज्या माणसाने सकाळी आईला बाजूला केलं होतं, नदीतून झोळी आणली होती, तो हात खाली सोडून उभा राहिला. त्याला उत्तर देता येत नव्हतं असं नाही. उत्तर दिलं तर काम अडेल, हे त्याला माहीत होतं.

मी पुढे झाले. आवाज चढवला. आमच्या कॉलनीत नळाला पाणी आलं नाही की मी जसा चढवते, तसा. "स्ट्रेचर आणा आधी. वार अडकलीये, सकाळपासून रक्त जातंय."

एक सिस्टर वळल्या. "मॅडम, तुम्ही कोण?"

"माझी भावजय आहे ती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जनीकडे, तिच्या दंडावरच्या गोंदणाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. खोटं आहे हे त्यांना कळलं असणार. पण स्ट्रेचर आलं.

आत नेल्यावर थोड्याच वेळात एक डॉक्टरबाई बाहेर आल्या. रक्त लागणार होतं, आणि दिलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त द्यायला माणसं हवी होती. सोमाने लगेच बाही वर केली. त्याचं रक्त तपासलं आणि त्याला परत पाठवलं. त्याच्याच अंगात रक्त कमी होतं.

"आणखी कोण आहे तुमचं?" त्याला विचारलं.

सोमाने मंजुळाबाईकडे बघितलं. ती बाळाला घेऊन जिन्याखाली बसली होती. तिच्याशिवाय या सगळ्या शहरात त्याचं कुणी नव्हतं.

मी समोरच्या एसटीडी बूथवर धावले आणि शेजारच्या पगारे भाऊजींना फोन लावला. "भाऊजी, रक्त द्यायला माणसं हवीत. आत्ता. कोणासाठी ते नंतर सांगते." ते सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होते. शिफ्ट सोडून ते आले, येताना स्कूटरवर मागे एकाला आणि बरोबर आणखी दोघांना घेऊन आले. माझा एक फोन आणि चार माणसं हजर. मी तिथे जन्मले आणि जनी नदीपलीकडे, यापलीकडे त्यात काहीही नव्हतं.

मग आम्ही वाट बघत बसलो. ती वाट बघणं मला लिहिता येत नाही. दार उघडायचं, कुणीतरी बाहेर यायचं, आमच्याकडे न बघता पुढे जायचं. मंजुळाबाई प्रत्येक वेळी उठून उभी राहायची आणि पुन्हा बसायची. पगारे भाऊजी दंडावर कापूस दाबून शेजारी बसले होते. त्यांनी मला विचारलं, "वंदना कशी आहे आत्ता?" तेव्हा मला कळलं, की आपण वंदनासाठीच आलोय असं ते समजत होते.

"वंदना पाड्यावर आहे," मी म्हणाले. "ही तिची शेजारीण." त्यांनी दंडावरचा कापूस काढला. मग म्हणाले, "बरं. चहा आणू का आजींना?"

उन्हं उतरल्यावर डॉक्टरबाई आल्या. "वार काढली. रक्तस्राव थांबलाय. दोन बाटल्या गेल्यात, अजून एक लावतोय. थोडा उशीर झाला असता तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मी मंजुळाबाईला सांगितलं, जनी वाचली. तिचा विश्वास बसला नाही. तिच्या लेकीच्या वेळीही आधी असंच सांगितलं होतं म्हणे. "मला बघू दे," ती म्हणाली. सिस्टर नाही म्हणाल्या, तरी ती आत गेली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तिने जनीच्या पायावर हात ठेवला. तो गरम लागल्यावर तिथेच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. दिवसभरात पहिल्यांदा.

परत

जनीला आठवड्याने सोडलं. वंदनाला आणायचं राहिलंच होतं, म्हणून त्याच जीपने मी त्यांना पोचवायला गेले. आता थंडी वाढली होती. घाटात जनी खिडकीतून बाहेर बघत होती. हा रस्ता आपण पहिल्यांदाच बघतोय, असं ती म्हणाली. मागच्या वेळी तिला फक्त जीपचं छप्पर दिसलं होतं.

नदीवर अर्धा पाडा उभा होता. जनी स्वतःच्या पायांनी, सोमाचा हात धरून पाण्यातून पलीकडे गेली. मंजुळाबाई बाळ घेऊन पुढे. कुणी ओरडलं नाही, ढोल वाजवले नाहीत. बायका एकेक करून पुढे आल्या आणि जनीच्या हाताला, गालाला हात लावून बघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वंदनाला घेऊन निघाले. दिलीपने तिला स्वतः धरून नदी ओलांडून दिली. माझी बॅग जीपमध्ये ठेवताना तो म्हणाला, "बरं झालं, तू होतीस." सोबत पाड्यावरची एक पोरगी आली होती, सोनी नावाची. वंदनाची पिशवी तिने हट्टाने डोक्यावर घेतली होती. आत्ता कुठे दिवस दिसायला लागले होते तिचे. मी जीपमध्ये बसले तशी ती खिडकीशी आली.

"बाय, होळीच्या पुढच्या महिन्यात याल ना?"

"होळीलाच येते की. नाच बघायला."

"नाय," ती म्हणाली. "नाच कवाबी बघा. त्या महिन्यात माझं दिवस भरतील."

 मग मी "येते" म्हणाले. ती हसली, मागे सरकली आणि जीप सुरू झाली. बरंच अंतर गेल्यावर वंदना, पोटावर हात ठेवून बाहेर बघत, हळूच म्हणाली, "ताई, पाड्यावर आणखी दोघी आहेत. त्यांचे पावसाळ्यात भरतात."